जेन कॉनमधला इंडी कोपरा आणि अर्धवट गेम विकण्याचा वाद : पार्श्वभूमी

जेन कॉन म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या गेम्सचं अमेरिकेतलं मोठं संमेलन. दर वर्षी ऑगस्ट जवळ आला की तीच चर्चा सुरू होते. स्वतः लिहिलेला, स्वतःच्या पैशाने छापलेला, म्हणजे इंडी गेम घेऊन जेन कॉनला जाण्यात काही राम आहे का, बूथचं भाडं तरी सुटतं का, आणि नुसतं फिरून कार्डं वाटली तर चालतं का. उत्तर ज्याने त्याने आपला खिसा बघून काढावं, पण हा प्रकार सुरू कसा झाला ते माहीत असलं की निम्मे वाद तिथेच मिटतात, म्हणून हे लिहितोय.

अगदी सुरुवातीचं फार सांगत बसत नाही. १९६८ ला विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या हॉर्टिकल्चरल हॉलमधे पहिलं जेन कॉन भरलं तेव्हा झाडून सगळे हौशीच होते. १९७४ ला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम (खेळणारे एकेक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट रचतात तसला) आला तोसुद्धा मोजक्या लोकांनी भागीदारीत पदरचे पैसे घालून काढलेला, हजार प्रती, खोकी घरी बसून भरलेली. म्हणजे आजच्या भाषेत पक्का इंडी. पण तो चालला, कंपनी फुगली, कॉनही तिच्याच ताब्यात गेलं. १९८५ पासून मिलवॉकीला भरायला लागलं आणि पुढची कित्येक वर्षं कॉन चालवणारी कंपनी आणि हॉलमधला सगळ्यात मोठा बूथ असणारी कंपनी एकच. याकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत, पण छोट्या माणसाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं होतं, कारण यजमानच जेव्हा दुकानदार असतो तेव्हा बाकीच्यांनी कुठे बसायचं हे तोच ठरवणार.

मधे १९९३ ला एक चमत्कार झाला. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीचा मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा गेम मिलवॉकीत हातोहात खपला आणि चारच वर्षांत त्या छोट्या कंपनीने ड्रॅगनवाली मोठी कंपनीच विकत घेतली. त्या गोष्टीने पुढच्या पिढीतल्या किती जणांना बूथ घ्यायला लावला असेल देव जाणे.

खरी गोष्ट सुरू होते २००० पासून. त्या वर्षी विझर्ड्सने, म्हणजे आताच्या मोठ्या कंपनीने, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांचा गाभा मोफत लायसन्सवर मोकळा केला आणि जो तो त्यावर पुस्तकं काढायला लागला. पहिली दोनतीन वर्षं दुकानदार येईल ते उचलत होते, मग शेल्फ भरले, माल पडून राहिला, आणि दुकानदारांनी छोट्या पब्लिशरचं काही घ्यायचं म्हटलं की हात आखडता घ्यायला सुरुवात केली. आता हिशेब बघा. वीस डॉलरचं पुस्तक डिस्ट्रिब्युटरला साधारण साठ टक्के सवलतीत द्यावं लागतं, म्हणजे हातात आठ डॉलर, त्यातनं छपाई वजा. तेच पुस्तक कॉनमधे समोरच्या माणसाच्या हातात दिलं तर वीसच्या वीस हातात, छपाई तेवढी वजा. शंभर-दोनशे प्रती काढणाऱ्या माणसाला दुसरा मार्गच नव्हता म्हटलं तरी चालेल.

याच काळात इंटरनेटवर एक कंपू जमला ज्यांचं म्हणणं साधं होतं, गेमवर मालकी लिहिणाऱ्याची हवी, छापायचं कधी, विकायचं कसं आणि बंद करायचं का हे त्यानेच ठरवायचं. गेम कुठल्या शैलीचा आहे, कंपनी किती छोटी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. (पुढे इंडी म्हणजे कमी नियमांचा, रडका, दोन तासांत संपणारा गेम असा समज झाला, तो यांच्या माथी मारणं बरोबर नाही.) या लोकांनी मिळून जेन कॉनमधे एक बूथ घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या प्रदर्शनांत बूथचं माप ठरलेलं, दहा फूट बाय दहा फूट, भाडं हजार डॉलरच्या वर, शिवाय खुर्ची-टेबलाचे वेगळे पैसे, वीज वेगळी, आणि माल आत नेऊन द्यायला सांगितलं तर वजनावर आकार. एकट्याला हे झेपणारं नाही, आठ-दहा जणांत वाटलं की जमतं.

२००३ ला कॉन इंडियानापोलिसला हललं, मालकीही तोवर बदलली होती, आणि हा सामाईक बूथ खऱ्या अर्थाने रंगात आला. त्याची खासियत अशी की कोणी फक्त स्वतःचाच गेम विकत नसे. माझा गेम तू दाखव, तुझा मी दाखवतो. आपल्या साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात स्वखर्चाने काढलेला कवितासंग्रह घेऊन कवी स्वतःच उभा असतो आणि येणारा-जाणारा नजर चुकवून पुढे सरकतो, तसली अवघड स्थिती इथे होत नसे, कारण तारीफ करणारा तिसराच असे आणि ती मनापासून असे.

आणि डेमो. मला विचाराल तर त्या दशकाची सगळ्यात मोठी कमाई हा दहा-पंधरा मिनिटांचा डेमो. तोवर रोलप्लेइंग गेम दाखवायचा म्हणजे चार तासांचा स्लॉट, महिनोन्महिने आधी नोंदणी, तिकिटं. इथे हॉलच्या गोंगाटात गुडघ्याएवढं टेबल, त्यावर आधीच भरून ठेवलेली दोन कॅरेक्टर शीट्स (पात्रांच्या माहितीची पानं), मूठभर फासे. एकमेकांना न ओळखणारे दोघं बसतात, दाखवणारा एकाला विचारतो की तुझा भाऊ गावाशी खोटं बोलतोय हे तुला कळलंय, आता काय करतोस, तो काहीतरी पुटपुटतो, फासे पडतात, दुसरा मधे पडतो, आवाज चढतात, आणि नेमकं तिथेच दाखवणारा शीट्स गोळा करतो. पुढे काय? पुढचं तुमच्या घरी, पुस्तक हे घ्या. नियम समजावून सांगत बसलेला डेमो पडलाच समजा, हे तिथे उभं राहिलेला कोणीही सांगेल. हॉल संध्याकाळी बंद झाला की हीच मंडळी जवळच्या हॉटेलच्या लॉबीत जमायची, आणि दुपारी घेतलेलं पुस्तक रात्री दोनपर्यंत तिथेच खेळून व्हायचं. प्रचार म्हणाल तर बूथपेक्षा लॉबीने जास्त केला असं माझं मत.

आता तो वाद. २००७ ला हॉलमधे एक वेगळा बूथ लागला, फक्त अर्धवट गेमसाठी. ॲशकॅन म्हणायचे त्यांना, शब्द कॉमिक्सवाल्यांकडून घेतलेला. कल्पना अशी की गेम खेळण्याजोगा झालाय पण पक्का नाही, चित्रं नाहीत, साधी स्टेपल मारलेली प्रत, किंमत कमी, अर्धवट आहे हे तोंडावर सांगायचं, आणि घेणाऱ्याने खेळून लेखकाला कळवायचं. ऐकायला बरं वाटतं ना? पण त्यावरून जी जुंपली ती बरेच दिवस पुरली. विरोधकांचं म्हणणं, प्लेटेस्ट करणाऱ्याला, म्हणजे कच्चा गेम खेळून चुका सांगणाऱ्याला, आपण काही द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. वर्षातनं एकदा येणारा माणूस ठराविक पैसे घेऊन येतो, त्याला कच्चा माल विकला की पुढच्या वर्षी पक्का गेम परत विकत घ्या म्हणणार का? आणि नवखा माणूस हॉलमधे शिरला, इंडी म्हणून पहिल्यांदा हातात पडलं ते हे चुका असलेलं चोपडं, तर तो परत कशाला येईल. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, फुकट पाठवलेली पीडीएफ कोण उघडून बघतं, चार डॉलर मोजले की माणूस निदान वाचतो तरी. शिवाय ऑगस्टची तारीख डोक्यावर असली की लिहिणारा लिहितो, नाहीतर तोच गेम पाच वर्षं ड्रॉवरमधे.

दोन्हीत तथ्य आहे. खेळून कळवणारे फार नव्हते, बऱ्याच प्रती शेल्फवर गेल्या आणि काही गेम पुढे कधी पूर्ण झालेच नाहीत, इथे विरोधक बरोबर ठरले. पण तारखेचा धाक खरा होता, आणि पक्कं पुस्तक छापून घरात खोकी रचण्यापेक्षा पन्नास कच्च्या प्रती बऱ्या हेही खरं. मला गंमत वेगळीच वाटते. दोनच वर्षांनी, २००९ ला, किकस्टार्टर ही क्राउडफंडिंगची (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची) साईट सुरू झाली, आणि मग गेम अर्धवट सोडा, नुसत्या कल्पनेवर आणि एका चित्रावर लोक शंभर-शंभर डॉलर आगाऊ द्यायला लागले, तेव्हा मात्र हा नैतिक प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. चार डॉलरच्या चोपड्यावरून मात्र रण माजलं होतं.

बोर्ड गेमवाल्यांनी हा गुंता मुळातच होऊ दिला नाही. त्यांच्याकडे प्रोटोटाइपची (कच्च्या नमुन्यांची) वेगळी दालनं झाली, तिथे डिझायनर पैसे भरून टेबल घेतो आणि खेळणारा फुकट खेळतो. फिलाडेल्फियाला २०१७ पासून जे मोठं कॉन भरतं तिथे अशी टेबलं सकाळपासून भरलेली असतात. जर्मनीत एसेनला १९८३ पासून ऑक्टोबरात बोर्ड गेमचं जे प्रदर्शन भरतं तिथलं गणित आणखी निराळं, लाखावर लोक येतात ते सरळ खरेदीला, आणि जपानहून बॅगा भरून आलेले स्वतः छापणारे लोकही तिथे एकत्र बूथ घेऊन बसायचे.

क्राउडफंडिंगने बूथचं कामच बदललं. आधी विकायला जायचे, मग चालू असलेली मोहीम दाखवायला आणि ईमेल गोळा करायला जायला लागले. सामाईक बूथ राहिले, पण कंपू जाऊन सभासद फी घेणाऱ्या संघटना आल्या, कामाचे तास वाटून द्यायचे, प्रत्येकाने इतके तास उभं राहायचं वगैरे. लॉबीतल्या खेळालाही रीतसर खोली मिळाली, रांगेत उभं राहायचं, मेनूतनं गेम निवडायचा आणि दोन किंवा चार तास बसायचं. सोय झाली, नवख्यांना तर फारच. लॉबीची मजा मात्र गेली, असं आम्ही जुने लोक म्हणणारच.

२०२० ला कॉन फक्त ऑनलाइन झालं, २०२१ ला ऑगस्टऐवजी सप्टेंबरात आणि मर्यादित लोकांत. त्या दोन वर्षांत बरेच जण घरून डिजिटल विकायला शिकले आणि परत बूथकडे वळलेच नाहीत. मग जानेवारी २०२३ ला मोठ्या कंपनीने तेच २००० चं मोफत लायसन्स बदलायचा मसुदा केला, तो बाहेर फुटला, एवढा गदारोळ झाला की महिन्याच्या आत माघार घ्यावी लागली, आणि मालकी कोणाची हा जुना मुद्दा न सांगता सगळ्यांना कळला. त्या ऑगस्टला इंडियानापोलिसला सत्तर हजारांवर माणसं होती.

२०२५ ला आणखी एक भानगड झाली. एप्रिलमधे चिनी मालावरचं अमेरिकेचं आयात शुल्क १४५ टक्क्यांवर गेलं, नंतर उतरलं, पण बोर्ड गेम बहुतेक तिकडेच छापतात त्यामुळे छोट्या पब्लिशरांची गणितं कोलमडली, माल वेळेत आणायचा की थांबायचा हेच ठरेना. त्यातल्या त्यात निभावलं ते गावातल्याच प्रेसवर छापणाऱ्या झीनवाल्यांचं. बत्तीस पानं, मधे दोन स्टेपल, दहा-बारा डॉलर, आणि अख्खा स्टॉक पाठीवरच्या सॅकमधे.