'गाबागूल' या उच्चारामागचा इतिहास

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीमधील जुन्या इटालियन कुटुंबांत 'कापोकोल्लो' या मुरवलेल्या मांसाला 'गाबागूल' म्हणतात आणि 'रिकोत्ता' या ताज्या चीजला 'रिगोट'. हे बिघडलेले इटालियन होय, असे पुष्कळांना वाटते. तो समज चुकीचा आहे आणि या कुटुंबांवर अन्याय करणाराही आहे.

१८६१ साली इटलीचे एकीकरण झाले तेव्हा, भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे मौरो यांच्या अंदाजाप्रमाणे, प्रमाण इटालियन येणारे लोक जेमतेम अडीच टक्के होते. इतर अभ्यासक हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. ही प्रमाणभाषा चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या साहित्यावर उभी होती, तर घराघरांत नेपल्सची, सिसिलीची, व्हेनिसची बोली चाले. या बोली इटालियनमधून फुटलेल्या नाहीत. त्या लॅटिनमधून आपापल्या वाटेने वाढल्या. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतील बहुसंख्य दक्षिणेकडचे गरीब कष्टकरी होते आणि त्यांनी सोबत नेली ती आपल्या गावची बोली.

नेपल्सच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा स्वर इतका क्षीण होतो की तो ऐकूच येत नाही. आपण 'घर' लिहितो, पण शेवटचा 'अ' उच्चारत नाही, तसेच काहीसे. दक्षिणेत 'क' 'ग'कडे आणि 'प' 'ब'कडे झुकतो. शिवाय नेपल्समध्ये मूळ शब्दच 'कापेकुओल्लो' असा आहे, त्यामुळे 'गाबागूल'मधला 'ऊ'देखील आगंतुक नाही.

वेगवेगळ्या गावांची माणसे एकाच चाळवजा इमारतीत राहू लागल्यावर बोली मिसळल्या आणि इंग्रजी 'जॉब'चा 'जोब्बा' झाला. १९२४च्या कायद्याने नव्या स्थलांतराला जवळपास बांध घातला. दुसऱ्या महायुद्धात इटालियन ही शत्रूची भाषा ठरली आणि अनेक आईबापांनी मुलांशी ती बोलणे सोडले. उरले ते मुख्यतः स्वयंपाकघरातले शब्द.

इटलीत मात्र शाळा, लष्करी सेवा आणि १९५४ साली सुरू झालेले दूरचित्रवाणी प्रसारण यांमुळे प्रमाणभाषा घरोघर पोहोचली. म्हणून आज वर्गात इटालियन शिकून आलेली नात आजीचा 'रिगोट' सुधारू पाहते, तेव्हा त्या घरात खरे तर आजीचाच उच्चार आधीचा असतो.