स्पोर्ट बाइकचं हँडल उंच करण्याचा वाद: पार्श्वभूमी

हँडल वर घेऊन द्या, अशी मागणी आज गॅरेजमध्ये प्रामुख्याने तीन गाड्यांचे मालक घेऊन येतात: यामाहा आर१५, केटीएम आरसी आणि रॉयल एनफिल्ड कॉन्टिनेन्टल जीटी. तक्रार तिघांचीही सारखी असते. तासाभरात मनगटं भरून येतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान अवघडते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हीच गॅरेजं नेमकं उलटं काम करायची. येझदी, १९८३ ची राजदूत ३५०, १९८५ ची आरएक्स १०० या गाड्या कारखान्यातून उंच, आरामशीर हँडल घेऊन येत आणि पोरं ते काढून बुटकं हँडल लावून घेत. शर्यतीतली गाडी दिसावी, एवढाच हेतू. तेव्हा कुणी त्याला बेकायदा म्हटल्याचं आठवत नाही. आज मात्र हँडल बदलणं बेकायदा ठरतं का, यावरच वाद आहे.

हे बुटकं हँडल आलं शर्यतींतून. पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांना दोन स्वतंत्र दांडे (क्लिप-ऑन) आवळायचे आणि टाकीवर छाती टेकून गाडी चालवायची, ही पद्धत इंग्लंडमधल्या तरुणांनी पन्नास-साठच्या दशकांत रस्त्यावर आणली. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या कॅफेपाशी जमणाऱ्या या मंडळींची चाल पाहून साठच्या दशकाच्या मध्यावर रॉयल एनफिल्डच्या कारखान्यानेच क्लिप-ऑन लावलेली २५० सीसीची कॉन्टिनेन्टल जीटी विकायला काढली. त्याच काळात ट्रायम्फची बॉनव्हिल इंग्लंडमध्ये सखल हँडलवर आणि अमेरिकेत उंच, रुंद हँडलवर विकली जात होती. यंत्र एकच, बसणं दोन प्रकारचं, आणि दोन्ही प्रकार कारखान्याचेच. पुढच्या सगळ्या वादात हा मुद्दा विसरला जातो, म्हणून तो इथे मुद्दाम सांगितला.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या सुपरबाइक शर्यतींत रस्त्यावरच्या १००० सीसी गाड्या चक्क उंच हँडलांवर धावल्या. त्या जड आणि डुलणाऱ्या गाड्या वळवायला रुंद हँडलाची पकड लागे. चित्र पालटलं ते १९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० नंतर. शर्यतीची गाडी नंबरप्लेट लावून विकायची, हा प्रघात तिने पाडला आणि १९९८ च्या यामाहा आर१ने तो टोकाला नेला. मधल्या काळात होंडा सीबीआर ६००एफ सारख्या गाड्यांनी रोजच्या वापराला चालेल असं बसणं जपलं होतं, पण बाजाराचा कल आक्रमक दिसण्याकडे होता. मग जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये लोकांनीच उत्तर शोधलं. पडून फुटलेलं फेअरिंग, म्हणजे गाडीवरचं प्लास्टिकचं आवरण, पुन्हा बसवणं परवडत नसे. ते काढून टाकून वर रुंद सपाट हँडल चढवायचं, अशी स्ट्रीटफायटरची चाल तिथे रुजली. जर्मनीत तर वरची टी बदलून उंच हँडल बसवायचे तयार संच दुकानांत मिळू लागले. टी म्हणजे शॉकअपच्या दोन्ही नळ्या वरच्या टोकाला धरून ठेवणारा भाग.

आपल्याकडे २००३ ची करिझ्मा आणि २००९ मध्ये आलेली निंजा २५०आर या दोन्ही दिसायला स्पोर्ट बाइक होत्या, पण बसणं बरंचसं ताठ होतं. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी परत यावं, अशा त्या गाड्या. २००८ च्या आर१५ पासून सूर बदलू लागला. २०१४ मध्ये चाकणला बनलेल्या आरसी २०० आणि ३९० आल्या आणि हँडल थेट टीच्या खाली गेलं. २०१८ च्या आर१५ व्हर्जन थ्रीने तेच बसणं कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोचवलं. ज्याच्याकडे घरात एकच गाडी आहे आणि त्याच गाडीवर कॉलेज, क्लास आणि गावाकडची फेरी करायची आहे, अशा मुलाच्या हातात ट्रॅकवरचं हँडल आलं. माझ्या मते इथूनच या मागणीला खरा जोर आला.

दुखण्याचं कारण शरीरापेक्षा वेगात आहे. गाडी शंभरच्या पुढे गेली की समोरचा वारा छातीला रेटतो, धडाचा बराच भार उचलतो आणि हात हलके होतात. ट्रॅकवर हे गणित जमतं. हडपसरच्या सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत वीसच्या वेगाने सरकताना वारा नसतोच, त्यामुळे धडाचा भार सरळ तळव्यांवर येतो आणि तळव्याच्या कडेने जाणारी नस दाबली जाते. वरंध किंवा आंबेनळी घाट उतरताना तर प्रत्येक ब्रेकला अख्खं शरीर हँडलावर कलंडतं. चालवणाऱ्याने पोटाच्या आणि मांड्यांच्या जोरावर धड तोलावं, हा सल्ला बरोबर आहे आणि प्रत्येकाने तो आधी करून पाहावा. पण रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये असलेल्या माणसाला तो पुरत नाही.

उपाय तीन प्रकारचे निघाले. क्लिप-ऑन टीच्या खालून काढून वर आवळणं, हँडलाखाली राइझर (उंची वाढवणारा ठोकळा) घालणं, किंवा भावंड मॉडेलची टी आणि हँडल आणून बसवणं. आर१५ला एमटी-१५ चं, आरसीला ड्यूकचं, कॉन्टिनेन्टलला इंटरसेप्टरचं. तिसरा मार्ग सर्वांत नीट वाटतो, पण त्यातही मेख आहे. पहिल्या पिढीच्या आरसी आणि ड्यूकचं इंजिन एक असलं तरी स्टिअरिंगचा कोन एक नाही, आणि नुसती वरची टी बदलून ऑफसेट (स्टिअरिंगच्या आसापासून नळ्यांचं अंतर) जुळला नाही तर शॉकअपच्या नळ्या त्या आसाला समांतर राहत नाहीत. त्याहून मोठा धोका वायरींचा. हँडल वर गेलं की ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आणि हँडल पूर्ण वळवल्यावर इंजिनची रेस आपोआप वाढते. यू-टर्न घेताना असं झालं तर गाडी पुढे झेपावते. ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) ताणलेला राहिला तर तो जोडाशी सुटू शकतो. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून अंगठा टाकीला चेंगरतो का, दांडा फेअरिंगला लागतो का, हे न बघता गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणाऱ्या कारागिराचं समर्थन करता येणार नाही.

आता कायद्याकडे. सगळा गोंधळ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ भोवती आहे. १९८८ च्या मूळ मजकुरात मालकाला बदल करायची मुभा होती. नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि मंजुरी घ्यायची. फिटिंग किंवा ॲक्सेसरी घातल्या-काढल्याने वजनात २ टक्क्यांपर्यंत फरक पडला तर मंजुरीचीही गरज नव्हती. म्हणजे माणूस आपल्या गाडीला काहीबाही लावणारच, हे कायद्याने गृहीत धरलं होतं. २००० सालच्या दुरुस्तीने रोख बदलला. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये, असं नवं वाक्य आलं. सोबत स्पष्टीकरणही आलं: बदल म्हणजे वाहनाच्या रचनेत असा फरक, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलेल.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली तर हँडलाचं काय, हे सरळ सांगता येत नाही. दुचाकीच्या नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, रंग, सीसी, व्हीलबेस, वजन असं सगळं असतं. हँडलाच्या उंचीचा रकाना नसतो. मग तपशिलात तफावत कसली? आणि दोन-तीन इंच वर गेलेल्या हँडलाने गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलतं का? बदलत नाही, असं माझं मत आहे.

९ जानेवारी २०१९ रोजी देशातल्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका वादात निकाल दिला. राज्याच्या नियमांचा आधार घेऊन खालच्या न्यायालयाने रचनेतल्या बदलांना दिलेली मोकळीक त्याने रद्द केली आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल चालणार नाही, असं सांगितलं. नमुना गाडीची चाचणी घेऊन मान्यता दिली जाते, तेव्हा रस्त्यावरची गाडी त्या नमुन्यासारखीच हवी, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. जीपची बॉडी कापून वाढवणारे किंवा चेसिसला हात घालणारे लोक खरोखर जीव धोक्यात घालतात. पण दुसऱ्या दिवशी बातम्यांचे मथळे आले ते ‘गाडीत कोणताही बदल बेकायदा’ असे, आणि निकालापेक्षा मथळाच नाक्यानाक्यावर लागू झाला. रचनेबद्दलचा निकाल आरसा, हँडल आणि लगेज स्टँडपर्यंत ताणला गेला.

त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने या संदिग्धतेवर दंडही चढवला. परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. याच दुरुस्तीतला दुसरा भाग मात्र फारसा चर्चेत आला नाही. बदलांसाठीचे निकष आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकतं आणि त्यानुसार केलेल्या बदलामुळे कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही, अशी तरतूद तिथे आहे. सीएनजी आणि इलेक्ट्रिक किटना असा मंजुरीचा रस्ता आहे. किट तपासलं जातं, मान्यता मिळते, नोंद होते. हँडलाला तसा रस्ता नाही.

जर्मनीत तो आहे. तिथेही वाटेल ते लावता येत नाही, किंबहुना तपासणी आपल्यापेक्षा कडक आहे. पण विकल्या जाणाऱ्या हँडलासोबत कोणत्या मॉडेलला ते चालतं याचं प्रमाणपत्र येतं. गरज असेल तिथे तपासनीस होजची लांबी आणि पूर्ण वळणावरची मोकळीक बघतो आणि गाडीच्या कागदात नोंद करतो. चालवणाऱ्याला आराम मिळतो आणि पोलिसाला कागद मिळतो. आपल्याकडे नियमाविना बंदी असल्याने हेच काम अंदाजाने, घाईत आणि कोणाच्याही तपासणीशिवाय होतं. सुरक्षिततेच्या नावाखाली चाललेल्या बंदीने नेमकी तपासणीच बंद केली आहे.

दरम्यान कारखाने आपल्या बाजूने पुढे सरकले. २०२१ मध्ये होसूरच्या टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० मागणीनुसार बनवून मिळू लागली, आणि तिच्या रेस किटमध्ये अधिक वाकून बसायची सोय आली. म्हणजे एकाच मॉडेलला कारखान्यानेच दोन प्रकारची बैठक दिली. बारामतीत बनणाऱ्या एप्रिलिया आरएस ४५७ चे क्लिप-ऑन तर टीच्या वरच बसवलेले येतात. आर१५चा मालक गॅरेजमध्ये जे करून मागतो, जवळपास तेच तिथे शोरूममधून मिळतं, पूर्ण मान्यतेसह. त्या मालकाने एमटी-१५ चं हँडल योग्य लांबीच्या होज आणि केबलसह बसवून आणलं, तर ते तपासून नोंदवून घेणारी खिडकी आरटीओत असायला हवी.