एका चौकटीची जागा बदलली आणि इंग्लिश माणूस ब्रिटिश झाला

इंग्लंड आणि वेल्सच्या २०११च्या जनगणनेत पहिल्यांदाच एक प्रश्न आला: तुमची राष्ट्रीय ओळख काय? खाली चौकटी दिल्या होत्या आणि लागू पडतील तेवढ्या चौकटींत खूण करायची मुभा होती. ५७.७ टक्के लोकांनी 'इंग्लिश' या एकाच चौकटीत खूण केली. फक्त 'ब्रिटिश', म्हणजे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड सगळं मिळून होणाऱ्या देशाचे, म्हणवणारे निघाले १९.१ टक्के. दहा वर्षांनी, २०२१मध्ये, तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या खेपेला फक्त 'इंग्लिश' उरले १४.९ टक्के आणि फक्त 'ब्रिटिश' झाले ५४.८ टक्के.

मधल्या काळात युरोपीय संघातून बाहेर पडण्याचं सार्वमत झालं होतं आणि इंग्लिश अस्मिता उफाळून येत असल्याची चर्चा जोरात होती. आकडे मात्र नेमके उलटे फिरले. कारण साधं होतं. २०११मध्ये इंग्लंडच्या अर्जावर 'इंग्लिश' ही चौकट सगळ्यात वर होती, २०२१मध्ये 'ब्रिटिश' वर आली. वेल्सच्या अर्जावर दोन्ही वेळा 'वेल्श' हीच चौकट पहिली होती. तिथे फक्त 'वेल्श' म्हणवणारे ५७.५ टक्क्यांवरून ५५.२ टक्क्यांवर आले, म्हणजे जवळपास जागच्या जागीच राहिले. प्रयोगशाळेत एका गटावर बदल करून पाहतात आणि दुसरा गट तुलनेसाठी तसाच ठेवतात, तसं इथे कोट्यवधी माणसांच्या बाबतीत नकळत घडून गेलं.

यावरून लोकांना ओळखच नव्हती असा अर्थ काढणं मला चुकीचं वाटतं. माणूस यादी वरून वाचत येतो, पहिलं पटणारं उत्तर दिसलं की खूण करतो आणि पुढे जातो. ज्याला दोन्ही उत्तरं पटतात, त्याच्याबाबतीत जे आधी दिसेल ते जिंकतं. म्हणजे इंग्लंडमधल्या फार मोठ्या लोकसंख्येच्या मनात हे दोन शब्द एकमेकांचे स्पर्धक नाहीतच, ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. १९६६च्या फुटबॉल विश्वचषकात वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या संघासाठी लोक संयुक्त ब्रिटनचा झेंडा फडकवत होते. पांढऱ्यावर लाल क्रॉस असलेला खास इंग्लंडचा झेंडा स्टेडियमभर दिसला तो १९९६च्या युरो स्पर्धेत. स्कॉटलंडचं तसं नाही. १७०७मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संसदा एक झाल्या, पण न्यायव्यवस्था, चर्च आणि शिक्षण त्यांनी स्वतःकडे राखलं. स्कॉटिशपण टांगायला त्यांच्याकडे कायमच खुंट्या होत्या. इंग्लंडला तर आजही स्वतःची वेगळी संसद नाही.

माणूस 'आपण' कुणाला म्हणतो याचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी सुरू केला, त्यांत हेन्री ताजफेल यांचं नाव मोठं आहे, आणि ते काम ब्रिटनमध्येच, ब्रिस्टल विद्यापीठात झालं. ताजफेल १९१९मध्ये पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मले, शिकायला फ्रान्सला गेले, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि जर्मनांच्या हाती सापडले. आपण ज्यू आहोत हे त्यांनी लपवलं नाही, पण पोलिश नसून फ्रेंच आहोत असं सांगितलं. त्या एका शब्दाने ते वाचले. युद्ध संपल्यावर परतले तेव्हा घरचं जवळपास कुणीही जिवंत उरलं नव्हतं. पुढे ते ब्रिटिश नागरिक झाले. ओळख म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून सुचलेला नव्हता.

१९७०च्या सुमारास त्यांनी ब्रिस्टलमधली शाळकरी मुलं घेतली आणि पडद्यावरचे ठिपके मोजण्यासारख्या क्षुल्लक निमित्ताने त्यांचे दोन गट पाडले. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग त्यांना इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितले. मुलं आपल्या गटाला झुकतं माप देत राहिली. इतकंच नव्हे, समोरच्या गटाशी अंतर जास्त राहत असेल तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी त्यांना चालत होतं. एवढ्याशा निमित्ताने हे होतं, तर शतकांची बोली, खेळ, चर्च आणि खाणी यांनी काय होत असेल!

ताजफेल यांचे सहकारी जॉन टर्नर यांनी पुढची पायरी मांडली. माणसाकडे एकात एक बसणारी अनेक 'आपण' वर्तुळं असतात आणि त्यांतलं कुठलं जागं होईल हे प्रसंग ठरवतो. याचा सगळ्यात सुंदर पुरावा मला २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या प्रयोगात दिसतो. मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांचं वैर फुटबॉलपुरतं नाही. लिव्हरपूलच्या गोदीचे दर चुकवण्यासाठी मँचेस्टरने थेट समुद्रापर्यंत जहाजांचा कालवा खणला, तो १८९४मध्ये खुला झाला. मानसशास्त्रज्ञ मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी मँचेस्टर युनायटेडचे चाहते बोलावले, आपल्या संघाबद्दल त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि दुसऱ्या इमारतीकडे पाठवलं. वाटेत एक तरुण धावता धावता घसरून पडला, घोटा धरून कळवळू लागला. हे सारं ठरवून केलेलं होतं. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असला की जवळपास सगळे मदतीला धावले. लिव्हरपूलचा शर्ट असला की तिघांतला जेमतेम एक थांबला.

मग प्रयोग पुन्हा केला, पण या वेळी लिहायला सांगितलं ते 'फुटबॉलप्रेमी असणं' या विषयावर. आता लिव्हरपूलच्या शर्टवाल्यालाही बहुतेकांनी उठवलं. चाहते युनायटेडचेच, प्रसंग तोच, पण वर्तुळ मोठं झालं होतं. बिनखुणेचा साधा शर्ट घातलेला माणूस मात्र दोन्ही वेळा बाहेरच राहिला. वर्तुळ रुंदावलं तरी त्याला काठ असतोच, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

प्रसंग अपमानाचा असेल तर काय होतं, हे हॉवर्ड जाइल्स आणि रिचर्ड बुऱ्ही यांनी १९७७च्या एका शोधनिबंधात दाखवलं. वेल्श भाषा शिकणाऱ्या प्रौढांना ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकवले गेले. विचारणाऱ्याची इंग्रजी अगदी प्रतिष्ठित, लंडनी वळणाची. मध्येच त्याने विचारलं, मरणपंथाला लागलेली भाषा शिकता तरी कशाला? ज्यांना आपलं वेल्शपण मोलाचं होतं त्यांच्या इंग्रजीचा वेल्श हेल एकदम दाट झाला, काहींनी उत्तरात वेल्श शब्द पेरले. एक बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग मायक्रोफोनमध्ये शांतपणे एका वेल्श शिवीची क्रियापदरूपं चालवू लागल्या. बहुतेकांनी इंग्रजी सोडली नाही, पण तिच्यावर आपल्या वेल्शपणाचा ठसा उमटवला. ब्रिटनमधल्या हेलांकडे मी या प्रयोगामुळे वेगळ्या कानाने ऐकू लागलो.

इंग्लंडच्या आत प्रांतांची ओढही अशीच आहे, आणि यॉर्कशायर त्यात आघाडीवर. १९७४मध्ये सरकारने काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, सीमा नव्याने आखल्या आणि यॉर्कशायरचे तुकडे शेजाऱ्यांना दिले. पुढच्याच वर्षापासून १ ऑगस्टला यॉर्कशायर दिन पाळला जाऊ लागला. सॅडलवर्थ हा भाग आज प्रशासनाच्या दृष्टीने मँचेस्टर परिसरात मोडतो, तरी तिथले लोक स्वतःला यॉर्कशायरचेच म्हणवतात. यॉर्कशायरच्या क्रिकेट संघात काउंटीच्या जुन्या हद्दीत जन्मलेल्यानेच खेळायचं, हा अलिखित दंडक पिढ्यान् पिढ्या चालला. तो मोडल्यावर १९९२मध्ये त्यांच्याकडून मैदानात उतरलेला पहिला परदेशी खेळाडू होता मुंबईचा १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर. जन्माची अट सोडायला अवघड गेलेल्या त्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, हे आठवून मला अजून बरं वाटतं.

पण प्रांताची माया म्हणजे प्रांताचं सरकार हवं असं नव्हे. न्यूकॅसल आणि परिसराचा ईशान्य इंग्लंड हा बोलीपासून फुटबॉलपर्यंत ठसठशीत ओळखीचा मुलूख. नोव्हेंबर २००४मध्ये तिथे प्रादेशिक विधानसभेसाठी सार्वमत झालं आणि सुमारे ७८ टक्के मतदारांनी ती नाकारली. विरोधकांनी हवा भरलेला भलाथोरला पांढरा हत्ती गावोगाव फिरवला होता. लोकांना आपलं वेगळेपण प्रिय होतं, आणखी एक खर्चिक सभागृह नको होतं.

स्कॉटलंडमध्ये प्रश्न जास्त धारदार आहे. लुइस मोरेनो या स्पॅनिश समाजशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात तिथे एक पाच पायऱ्यांचा प्रश्न वापरला: फक्त स्कॉटिश, ब्रिटिशपेक्षा स्कॉटिश अधिक, दोन्ही सारखेच, स्कॉटिशपेक्षा ब्रिटिश अधिक, फक्त ब्रिटिश. मधल्या पायऱ्या ठेवणं हेच या प्रश्नाचं मोठेपण. जनगणनेतले स्कॉटलंडचे आकडे पाहिले की त्या मधल्या पायऱ्या किती नाजूक आहेत ते कळतं. २०११मध्ये १८.३ टक्के लोकांनी 'स्कॉटिश' आणि 'ब्रिटिश' अशा दोन्ही खुणा केल्या होत्या. २०१४च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात ५५ टक्क्यांनी ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं. २०२२च्या जनगणनेत दोन्ही खुणा करणारे ८.२ टक्क्यांवर आले, आणि फक्त 'स्कॉटिश' व फक्त 'ब्रिटिश' हे दोन्ही गट वाढले. याचं सारं श्रेय सार्वमताला देता येणार नाही, पण हो की नाही असा प्रश्न घरोघरी महिनोन् महिने चालला की मधल्या माणसाला एक बाजू धरावी लागते, असं मला वाटतं.

उत्तर आयर्लंडमध्ये याच प्रश्नावरून तीन दशकं रक्त सांडलं. १९९८च्या शांतता कराराने तिथल्या लोकांना ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही असण्याचा आणि दोन्ही नागरिकत्वं बाळगण्याचा हक्क दिला. २०२१च्या जनगणनेत फक्त 'ब्रिटिश' ३१.९ टक्के होते, फक्त 'आयरिश' २९.१ टक्के. आणि १९.८ टक्के, म्हणजे पाचातल्या जवळपास एकाने, दोन्ही शब्द बाजूला ठेवून फक्त 'नॉर्दर्न आयरिश' या चौकटीत खूण केली होती.