घरगुती कॉम्प्रेसर (रंगफवारणीसाठीचा)

घरगुती कॉम्प्रेसर : हवा दाबून टाकीत साठवणारे आणि त्या हवेच्या जोरावर स्प्रे गनमधून रंगाचा बारीक तुषार उडवणारे छोटे विजेवरचे यंत्र. विदर्भातल्या खेड्यांत ते वेल्डिंगच्या दुकानात, सुताराच्या छपरीत आणि शेतकऱ्याच्या घरीही दिसते. उन्हाळ्याआधी गंजलेले कूलर, पेरणीआधी वखर, डवरे आणि ट्रॉली, पोळ्याच्या तोंडावर बंडी आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल अशी त्याची कामे वर्षभर फिरत राहतात.

निवड. दुकानात पहिला प्रश्न असतो टाकी किती लिटरची, आणि दुसरा मोटर किती एचपीची. खरे तर सुरुवात गनपासून करावी. दाब पीएसआयमध्ये (चौरस इंचावर किती पौंड) मोजतात आणि हवेचा पुरवठा सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट). 1 सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 28 लिटर हवा. रंगाला साधारण 30 ते 50 पीएसआय दाब पुरतो आणि घरगुती यंत्रे 100 च्या वर सहज जातात. म्हणजे दाब कमी पडत नाही, कमी पडते ती हवा. साध्या छोट्या गनला 4 ते 6 सीएफएम लागतात, कमी दाबात जास्त हवा वापरणाऱ्या एचव्हीएलपी गनला 8 ते 15, तर मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या एअरब्रशला 1 सुद्धा पुरे होतो. यंत्रावरच्या पट्टीवर बहुधा पिस्टनने ओढलेल्या हवेचा आकडा असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी भरते. तोच आकडा विचारून घ्यावा.

टाकी हवा तयार करत नाही, फक्त साठवते. 25 लिटरची टाकी 8 बारवरून 3 बारवर (1 बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय) येईपर्यंत सुमारे 125 लिटर हवा देते. गन मिनिटाला 170 लिटर खात असेल आणि यंत्र 85 भरत असेल, तर दीड मिनिटात दाब पडतो आणि गन थेंब थुंकू लागते. 50 लिटरच्या टाकीत हाच वेळ तीन मिनिटांवर जातो. कूलर, पलंग, अवजारे एवढ्या कामाला पट्ट्यावर चालणारे, तेलाचे, 2 एचपीचे आणि 50 लिटरचे यंत्र योग्य. नंदीबैलांसाठी 1 एचपीही चालेल. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर जोडून केलेले यंत्र आवाज कमी करते, पण एअरब्रशपलीकडे त्याचा जीव नाही. त्याला जुने गॅस सिलिंडर टाकी म्हणून जोडणे तर थेट धोक्याचे आहे.

वीज. मोटर सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट करंट ओढते. गावात व्होल्टेज 180 च्या आसपास उतरले की ती नुसती गुणगुणते, आणि तसेच चालू ठेवले तर कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळते. अंगणात काम करताना बारीक वायर लांबवण्यापेक्षा यंत्र बोर्डाजवळ ठेवून हवेचा पाइप लांब घ्यावा. दाब थोडा घटतो, तो रेग्युलेटरवर वाढवता येतो. लाइन गेली की स्विच आधी बंद करावा. भरल्या दाबावर लाइन अचानक परत आली तर मोटर अडकून तापते.

हवामान. हवा दाबली की तापते आणि टाकीत थंड होताना तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. आषाढ-श्रावणात हे पाणी इतके साचते की पाण्याचा सापळा लावल्याशिवाय रंग मारूच नये. पाणी किंवा तेल गनपर्यंत पोचले तर रंगात बारीक खड्डे पडतात. दमट दिवशी लाकडावरच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात उलटे. पारा 45 अंशांपाशी गेला की थिनर हवेतच उडतो आणि रंग कोरडा, खरखरीत बसतो, नाहीतर संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. म्हणून मे महिन्यात हे काम पहाटेचे.

आग आणि श्वास. वेचणीनंतर कापूस भावाची वाट पाहत घरातच पडून असतो. रंगफवारणीची सगळ्यात मोठी अडचण माझ्या मते हीच. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते, आणि दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच प्रत्येक वेळी ठिणगी टाकतो. कापूस किंवा कुटार (भुसा) असलेल्या खोलीत, कोठ्यात (गोठ्यात) किंवा चुलीजवळ फवारणी कधीच करू नये. यंत्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला, फवारणीपासून दूर हवे. शिवाय कापसाचा रुवा ओल्या रंगावर चिकटतो तो निराळाच.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ते कीटकनाशक होते आणि हा रंग आहे, पण नाकावर दुपट्टा बांधून निभते हा समज दोन्हीकडे सारखाच जीवघेणा. दुपट्टा वाफ अडवत नाही. ऑइल पेंटलाही थिनरसारख्या रसायनांची वाफ शोषणारे (सेंद्रिय वाफेचे) कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. हार्डनर घातलेल्या दोन डब्यांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा, म्हणून तो रंग घरी मारू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो खरवडतानाही मुलांना लांब ठेवावे. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा देशात 2017 च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली.

फवारणी. लोखंड पॉलिश पेपरने घासून, पुसून, आधी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रंग पातळ करून गाळून घ्यावा. गन 15 ते 20 सेंटिमीटरवर, पृष्ठभागाला काटकोनात धरून मनगट न वळवता सरळ न्यावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर चढवावा. ओघळ येऊ नयेत म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे.

देखभाल. काम संपले की गन लगेच थिनरने धुवावी. टाकीखालचा नळ रोज उघडून पाणी काढावे. ते राहिले की टाकी आतून गंजते. अशी टाकी वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये, कारण गंजाने पातळ झालेला पत्रा दाबाखाली फुटतो. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून तो मोकळा आहे का ते पाहावे. तेलाची पातळी काचेतून दिसते. नव्या यंत्राचे पहिले तेल लवकर बदलावे, कारण त्यात लोखंडाचा कीस उतरलेला असतो.