ओ'नील: नातवाचं आडनाव आणि वाय गुणसूत्र

इ. स. ९१९ मध्ये डब्लिनजवळ व्हायकिंगांशी लढताना आयर्लंडचा राजा नियाल मारला गेला. त्याला 'ग्लूनडुव' म्हणत, म्हणजे काळ्या गुडघ्याचा. पुढे त्याचा नातू डोनाल राजा झाला. आयरिश भाषेत 'ओ' म्हणजे नातू, त्यामुळे डोनालचं 'ओ'नील' हे आडनाव नव्हतं, 'नियालचा नातू' असं सरळ सरळ नातं होतं. नंतरच्या पिढ्यांतले लोक नियालचे नातू नव्हते, तरी त्यांनी तेच नाव लावलं आणि नात्याचं आडनाव झालं. वंशपरंपरेनं चालणारी आडनावं युरोपात फार लवकर रुजली ती इथे.

असं आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राचंही तसंच. ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं मिळतं. क्वचित एखादा बारीक बदल होतो आणि तो पुढच्या सगळ्या पुरुष पिढ्यांत उतरतो. असे बदल मोजून दोन पुरुषांचा समान पूर्वज किती जवळचा, याचा अंदाज बांधता येतो.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच केलं. वायव्य आयर्लंडमधल्या दर पाच पुरुषांपैकी साधारण एकाच्या वाय गुणसूत्रावर एकाच घराण्याची छाप दिसली. गॅलगर, डोहर्टी, क्विन अशा आडनावांतही ती होती. ही 'ई नेल' राजघराण्याशी जोडलेली आडनावं. या घराण्याचा मूळपुरुष मात्र आणखी जुना, पाचव्या शतकाच्या सुमाराचा 'नऊ ओलिसांचा नियाल'. ग्लूनडुव त्याच्याच वंशातला मानला जातो. दोन नियालांची गल्लत नेहमी होते.

लाखो पुरुष एकाच राजाचे वंशज, ही बातमी जगभर गाजली. मला ती घाईची वाटते. पुढच्या अभ्यासांत ही खूण त्या जुन्या नियालच्याही आधीची असावी असं दिसलं. म्हणजे ती त्याच्यात असेलही, पण ती असलेला प्रत्येक जण त्याचा वंशज ठरत नाही. सत्तेतल्या पुरुषांना जास्त मुलं, त्या मुलांना जमीन आणि पुन्हा जास्त मुलं, असं मात्र या आकड्यांतून सुचतं.

आणि सगळ्या ओ'नीलांचं वाय गुणसूत्र एकसारखं नाही, हे मला अधिक मोलाचं वाटतं. आयर्लंडमधल्याच क्लेअर आणि कार्लो या भागांतल्या ओ'नीलांचे नियाल वेगळेच होते. सरदाराच्या आश्रयाला असलेल्यांनी त्याचं आडनाव घेतलं, कुणी दत्तक गेलं, कुणी आईचं नाव लावलं. इंग्रजांच्या अमलात अनेकांनी 'ओ' गाळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेच्या चळवळीत काहींनी तो परत लावला, त्यामुळे नील आणि ओ'नील एकाच कुळातले असू शकतात.

मुलींचं काय? आयरिशमध्ये मुलगी 'ओ' लावत नाही, ती 'नी नेल' होते. वाय गुणसूत्र तिच्याकडे जातच नाही, म्हणून या साऱ्या शोधात ती कुठेच दिसत नाही. तिचा वारसा उरलेल्या गुणसूत्रांत असतो, पण ती दर पिढीत नव्यानं मिसळली जातात. हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या पणजीचा माग त्यांतून काढणं जवळजवळ अशक्य आहे.