नाशवंत मुद्देमालाची विक्री : पार्श्वभूमी

जप्त माल नासण्याआधी विकण्याचा अधिकार इंग्रजी अमदानीतला. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो मुख्यतः मालक न सापडलेल्या मालापुरता होता; खटला चालू असताना न्यायालयापुढे आलेल्या मालासाठी 1923 च्या दुरुस्तीने वेगळे कलम आले. दिवाणी जप्तीत तर माल लवकर नासणारा असेल किंवा सांभाळण्याचा खर्च किमतीच्या वर जाणार असेल, तर जप्ती करणारा अधिकारीच तो लगेच विकू शकतो.

1973 च्या संहितेने ‘अन्यथा इष्ट वाटल्यास’ ही जास्तीची मुभा दिली आणि टिकाऊ मालाच्या विक्रीलाही वाट झाली. पुढे 2002 मध्ये, मुद्देमालातले सोने बदलल्याचा आरोप पोलिसांवरच असलेल्या एका प्रकरणात, देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने पंचनामा करा, फोटो काढा, पण माल ठाण्यात महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नका, असे बजावले.

खरी अडचण केली ती 2005 च्या दुरुस्तीने. पोलीस अधीक्षकांच्या हुकमाने परस्पर लिलाव करता येईल, असे तिने म्हटले. पण माल नाशवंत हवा, शिवाय मालक अज्ञात किंवा गैरहजर हवा, आणि वर किंमतही 500 रुपयांच्या आत हवी. तिन्ही अटी एकदम. टोमॅटोने भरलेला टेम्पो पकडला, चालक आणि मालक दोघेही समोर उभे आहेत, तर हा अधिकार काहीच कामाचा नाही. मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, त्यांना आवश्यक वाटेल तो पुरावा, त्यानंतर आदेश. मध्ये सुट्ट्या आल्या की खालचे क्रेट पाणी सोडू लागतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने मालक अज्ञात किंवा गैरहजर असताना केवळ किंमत कमी म्हणून माल विकण्याची दंडाधिकाऱ्यांची मर्यादा 10,000 रुपयांवर नेली, पोलिसांची मात्र 500 वरच ठेवली. हे समर्थनीय नाही. मुद्देमालाची यादी 14 दिवसांत आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश, ही नवी मुदतही चांगली आहे, पण नाशवंत मालासाठी वेगळी मुदत घातलेलीच नाही.

विक्रीचे पैसे निकालापर्यंत न्यायालयात राहतात. आरोपी सुटला तर मालकाच्या हाती लिलावात आली तेवढीच रक्कम पडते, मग बोली कितीही पडलेली असो. 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात याहून बरी सोय आहे : सरकारजमा झालेला माल परत देता येत नसेल, तर तो सरकारला विकला असे धरून किंमत आणि जप्तीच्या दिवसापासूनचे वाजवी व्याज द्यावे लागते. फौजदारी संहितेत अशी तरतूद अजून नाही.