ऐच्छिक वर्गणी (आंतरराष्ट्रीय संस्था)

सदस्य राष्ट्रे, प्रतिष्ठाने, उद्योगसमूह किंवा सामान्य नागरिक आंतरराष्ट्रीय संस्थेला आपणहून जो पैसा, माल किंवा सेवा देतात, तिला ऐच्छिक वर्गणी म्हणतात. आकारणीच्या वर्गणीपासून ती वेगळी आहे. आकारणीची वर्गणी सदस्यत्वाबरोबरच मागे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील १७ व्या कलमानुसार महासभा प्रत्येक देशाचा वाटा ठरवते. हा वाटा मुख्यतः राष्ट्रीय उत्पन्नावर बेतलेला असतो, तो ०.००१ टक्क्याहून कमी आणि २२ टक्क्यांहून जास्त नसतो. थकबाकी दोन वर्षांच्या देण्याइतकी झाली, तर १९ व्या कलमाप्रमाणे महासभेतील मताचा हक्क जाऊ शकतो. ऐच्छिक वर्गणीला असला दर नाही आणि ती न दिल्याबद्दल शिक्षाही नाही. तरीही निर्वासितांचा निवारा, भुकेल्यांचे धान्य आणि मुलांच्या लसी यांचा बहुतेक खर्च तिच्यातूनच भागतो.

ही विभागणी योगायोगाने झालेली नाही. सचिवालय, बैठका, भाषांतर ही कामे सर्वांची, म्हणून त्यांचा खर्चही सर्वांचा, हे राष्ट्रांनी लवकर मान्य केले. प्रत्यक्ष मदतकार्याची जबाबदारी मात्र कोणालाच कायमची स्वीकारायची नव्हती. युनिसेफची स्थापना ११ डिसेंबर १९४६ रोजी झाली ती युद्धाने होरपळलेल्या मुलांसाठीचा तात्पुरता निधी म्हणून. युद्धोत्तर मदत व पुनर्वसन यंत्रणा गुंडाळली जात होती. तिची शिल्लक हे या निधीचे पहिले भांडवल, आणि पुढचे सारे स्वेच्छेवर. १९५३ मध्ये युनिसेफ कायमस्वरूपी झाली, पण आकारणीचा पैसा तिला तेव्हाही मिळाला नाही. ही उणीव तिने लोकांकडे जाऊन भरून काढली. तिचे पहिले शुभेच्छापत्र १९४९ चे. त्यावरचे चित्र चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या मुलीने आपल्या गावाला मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून काढले होते. आज तीसहून अधिक देशांत युनिसेफच्या राष्ट्रीय समित्या घरोघरच्या लहान देणग्या गोळा करतात.

निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्त कार्यालयाची सुरुवात याहून खडतर होती. डिसेंबर १९५० मध्ये मंजूर झालेल्या त्याच्या संविधीप्रमाणे संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजपत्रकातून फक्त कार्यालय चालवण्याचा प्रशासकीय खर्च मिळणार होता. बाकी सर्व ऐच्छिक वर्गणीतून उभे करायचे होते. त्यातही महासभेच्या पूर्वसंमतीवाचून सरकारांकडे निधी मागायला किंवा जाहीर आवाहन करायला मनाई होती. म्हणजे काम दिले, पैसा दिला नाही आणि तो मागण्याची मोकळीकही दिली नाही. ती संमती १९५२ मध्ये मिळाली. त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनने सुमारे ३० लाख डॉलर दिले आणि निर्वासितांना आश्रयाच्या देशातच स्थिरावण्यास मदत करण्याचे काम त्यातून सुरू झाले. सरकारे हात आखडून बसलेली असताना एका खासगी प्रतिष्ठानाने वाट दाखवली. १९५४ मध्ये या कार्यालयाला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

पैसा दिला म्हणजे तो हवा तिथे वापरता येतो असे नाही. या विषयाची खरी गाठ इथे आहे. वर्गणी दोन प्रकारची असते. मूळ निधीत दिलेला पैसा संस्थेचे नियामक मंडळ ठरवेल तसा खर्च होतो. हेतुबद्ध वर्गणीला मात्र अट जोडलेली असते: अमुक देश, अमुक रोग, अमुक प्रकल्प, कधी कधी अमुक मुदतही. दात्याला हेतुबद्ध देणे सोयीचे वाटते, कारण आपला पैसा कुठे गेला हे तो आपल्या संसदेला किंवा करदात्यांना दाखवू शकतो. ही गरज खोटी नाही. पण दहा दात्यांच्या दहा अटींचा हिशेब सांभाळताना संस्थेचे धोरण सभागृहात ठरण्याऐवजी करारपत्रांत ठरू लागते. दात्यांच्या नजरेत असलेल्या संकटाकडे निधीचा ओघ लागतो आणि विस्मृतीत गेलेली संकटे कोरडी राहतात. शिवाय प्रकल्पाला पैसा देणाऱ्याला कार्यालयाचे भाडे, लेखापरीक्षण आणि सुरक्षा यांचा खर्च सहसा नकोसा असतो. म्हणून हेतुबद्ध रकमेतून सहाय्यक खर्चाचा ठरावीक भाग कापून घेतला जातो. संयुक्त राष्ट्र सचिवालयाच्या विश्वस्त निधींत हा दर सर्वसाधारणपणे १३ टक्के आहे.

पोलिओ निर्मूलनात या पद्धतीच्या दोन्ही बाजू दिसतात. १९८८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक मोहिमेत रोटरी इंटरनॅशनल पहिल्यापासून भागीदार आहे आणि मोहिमेचा जवळजवळ सारा पैसा ऐच्छिक आहे. त्यातून देशोदेशी रोगनिरीक्षणाची जाळी आणि प्रशिक्षित कर्मचारी उभे राहिले. २०१४ मध्ये नायजेरियात इबोला पोहोचला तेव्हा पोलिओसाठी उभारलेली आपत्कालीन यंत्रणाच कामी आली आणि साथ लवकर आटोक्यात आली. पण पोलिओचे काम आटोपेल तसा तो पैसाही आटणार, आणि त्याच पगारावर गोवर व इतर रोगांवर नजर ठेवणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न अनेक देशांच्या आरोग्य खात्यांना भेडसावतो.

दुसरी अडचण काळाची आहे. परिषदेत जाहीर झालेले वचन, सही झालेला करार आणि खात्यात जमा झालेली रक्कम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात महिने जातात. डिसेंबर २०१४ च्या आरंभी जागतिक अन्न कार्यक्रमाने पैशाअभावी सुमारे १७ लाख सीरियन निर्वासितांची अन्नकुपने थांबवली. आवाहन करताच काही दिवसांत ८ कोटी डॉलरहून अधिक जमले आणि कुपने पुन्हा सुरू झाली. लोकांची आणि सरकारांची ही तत्परता मनापासून दाद देण्याजोगी आहे. पण हिवाळ्याच्या तोंडावर लाखो कुटुंबांचे जेवण अशा तत्परतेवर अवलंबून असावे हे भयंकर आहे. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या मदत संस्थेचा निधी तर राजकारणाबरोबर खालीवर होतो: अमेरिकेने आपला वाटा २०१८ मध्ये बंद केला, २०२१ मध्ये सुरू केला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा थांबवला.

हा धोका कमी करण्यासाठी काही उपाय रूढ झाले आहेत. २००६ पासून कार्यरत असलेला संयुक्त राष्ट्रांचा केंद्रीय आपत्कालीन प्रतिसाद निधी वर्गणी आधीच साठवून ठेवतो, म्हणजे भूकंप किंवा पूर आल्यावर झोळी फिरवण्यात वेळ जात नाही. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय विकास संघटना साधारणपणे दर तीन वर्षांनी दात्यांना एकत्र बसवून निधीची पुनर्भरणी करते. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने २००२ मध्ये वेगळी युक्ती काढली. प्रत्येक देशाने किती द्यावे याचे सूचक प्रमाण छापायचे, सक्ती मात्र करायची नाही. आपला आकडा छापलेला दिसला की पूर्वी काहीच न देणारे देशही थोडेफार देऊ लागतात, असा त्याचा अनुभव आहे. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या दात्यांनी आणि संस्थांनी मदतनिधीचा ३० टक्के भाग बिनअटी किंवा सैल अटींवर देण्याचे उद्दिष्ट मान्य केले.

जागतिक आरोग्य संघटनेने मूळ दुखण्यालाच हात घातला. आकारणीच्या वर्गण्या वर्षानुवर्षे गोठवल्यामुळे तिच्या अंदाजपत्रकातील त्यांचा वाटा एक चतुर्थांशाहूनही खाली गेला होता आणि सदस्य राष्ट्रांच्या बरोबरीने एक खासगी प्रतिष्ठान, गेट्स फाउंडेशन, सर्वांत मोठ्या दात्यांत गणले जाऊ लागले होते. मे २०२२ मध्ये सदस्यांनी आकारणी टप्प्याटप्प्याने वाढवून २०३०-३१ पर्यंत ती २०२२-२३ च्या मूळ अंदाजपत्रकाच्या ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. मे २०२५ मध्ये २० टक्क्यांची दुसरी वाढ मंजूर झाली.

स्वेच्छेकडून आकारणीकडे असा प्रवास पूर्वी सायप्रसमध्ये झाला आहे. मार्च १९६४ मध्ये तेथे पाठवलेल्या शांतिसेनेचा खर्च सैन्य देणारे देश, सायप्रस सरकार आणि ऐच्छिक वर्गण्या यांवर सोडला होता. तूट साचत गेली आणि तिचा भार सैनिक पाठवणाऱ्या देशांवर पडला, कारण त्यांची भरपाई रखडत राहिली. अखेर मे १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने ८३१ क्रमांकाचा ठराव करून हा खर्च सर्व सदस्यांवर आकारला. मात्र ऐच्छिक भाग तेव्हाही संपला नाही: सायप्रस सरकार एक तृतीयांश खर्च आणि ग्रीस दरसाल ६५ लाख डॉलर आपणहून देत आले आहेत.